एवढं मनातल्या मनात वाच

आईला धाकट्याचा लांबूनच वाकून नमस्कार, आणि पत्र वाचून दाखवणाऱ्या ताईलाही.

आई, मी ठणठणीत आहे. आमच्या मिथेनॉलच्या कारखान्यात भट्टीची उष्णता आधी धुराड्यातून फुकट जायची. आता मी बसवलेले पाइप ती वाटेतच धरतात, तिच्यावर पाण्याची वाफ होते आणि त्याच वाफेवर यंत्रं फिरतात. उरलेलं गरम पाणी माझ्या खोलीतून फिरवलंय, त्यामुळे थंडीची काळजी नाही. साहेब म्हणतात, "तुझ्याशिवाय इथलं पान हलत नाही."

डोळ्यांत औषध वेळेवर घालतेस ना? की ताईशी भांडतेस?

ताई, आता एवढं मनातल्या मनात वाच. कोणता व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचा, हे मी कुणालाच शिकवलं नाही. म्हटलं, नोकरी पक्की राहील. राहिली! साहेबांनी तिसऱ्यांदा सुट्टी नाकारली. इथून वाफ सुटत नाही, तसा मीही सुटत नाही. आता एकाला शिकवायला घेतलंय, पण त्याला सहा महिने तरी लागतील. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन तर सोमवारी.

हं, आता मोठ्याने वाच.

आई, पट्टी सुटल्यावर मी समोर दिसलो नाही, तर ऑपरेशन फसलं असं समजू नकोस.

तुझाच,
धाकटा