पानिपत सोडून कुठलीही तारीख

२ मार्च
सकाळी दादा दाराबाहेरच्या फळ्यावर दिनविशेष लिहीत होता. थोरला भाऊ, इतिहासाचा मास्तर; रिटायर झाला तरी खडू सुटला नाही. समोरचा चहावाला ओरडला, "मास्टरसाब, आज कौन मरा?"
तेवढ्यात मी सांगून टाकलं. लग्न करतेय. एकोणसाठाव्या वर्षी. मोघ्यांशी – रेल्वेतले, विधुर, रोज नदीच्या घाटावर सोबत फिरणारे. खडू मोडला. "तारीख?" एवढंच म्हणाला.

७ मार्च
१५ एप्रिल सुचवली.
"टायटॅनिक बुडालं त्या दिवशी."
"लग्न देवळात आहे, दादा."
"वऱ्हाड त्यांच्या घाटावरून नावेतूनच येणार ना?"
वऱ्हाड म्हणजे मोघे आणि त्यांची बहीण!

१० मार्च
१८ ला सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप. २६ ला चेर्नोबिल. २१ ला पानिपत.
"अरे, ती पहिली लढाई! आपण त्यात नव्हतोच."
"पानिपत ते पानिपत."
मोघ्यांना सांगितलं तर हसून हसून ठसका. मला आता हसू येईना. याला लग्नच नकोय का?

१४ मार्च
मोघे गरम कचोऱ्या घेऊन घरी. म्हणाले, "दादा, तारीख तुम्हीच द्या."
दादा खाता खाता थांबला. "ही गेली की मी सकाळी बोलू कुणाशी? भिंतींशी?"
हे होतं तर. वेडा. एवढं सरळ सांगायला काय झालं होतं... मी डोळे पुसायला आत गेले.
बाहेर मोघे म्हणत होते, "मी येईन ऐकायला. इतिहासातलं कळत नाही, पण आपली पहिली आगगाडी विचारा. बोरीबंदर ते ठाणे, सोळा एप्रिल."
मग दादाचा आवाज, "सुमन, सोळा चालेल का गं?"

१६ एप्रिल
झालं! मोघ्यांची नाव पाऊण तास उशिरा. दादा गुरुजींना म्हणाला, "रेल्वेच ती." अक्षता मात्र त्याने सगळ्यांच्या शेवटी टाकल्या, एकेक दाणा. मी पाहिलंच नाही असं दाखवलं. श्रीखंड दोनदा घेतलं त्याने. मीही.

२० एप्रिल
मोघे म्हणतात, वरची खोली रिकामीच आहे, दादाला इथेच आणू. आज जेवायला आला तेव्हा विचारलं. "छे! मी माझ्या घरी बरा." जेवण झाल्यावर म्हणाला, जरा वर जाऊन येतो. खालून ऐकू येत होतं – खिडकी उघडली, पंखा लावून पाहिला, खाट भिंतीपासून इकडे ओढली.
उतरल्यावर म्हणाला, "ऊन फार येतं." आणि पायऱ्यांवरच थोडं थांबून, "दुपारचंच येतं म्हणा."