उवा कुणाच्या होत्या

धुळे,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. प्राचीस,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, तेवढंच. जळगावला थंडी कशी आहे? बँकेत एसी असतो, स्वेटर नेत जा. फोनवर तू ‘कामात आहे’ म्हणतेस आणि मी ‘बरं बरं’ म्हणते, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले.

बदल्या होत होत मी यंदा पुन्हा तुझ्या लहानपणीच्या त्याच शाळेत आले, हे तुला सांगितलं होतं. पोरींच्या डोक्यात पुन्हा उवा झाल्यात. आरोग्य केंद्राच्या सिस्टर येऊन बजावून गेल्या: औषध लावा, ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा, आठ दिवसांनी पुन्हा औषध, घरातल्या सगळ्यांची डोकी एकदमच बघा. सीताफळाच्या बिया वाटून लावू नका, डोळ्यांना इजा होते. आणि केस कापायची गरज नाही. हे त्या दोनदा म्हणाल्या. मी वहीत लिहून घेत होते, ते वाक्य मात्र लिहिलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही ओट्यावर, उन्हात चटया टाकतो. पोरी, त्यांच्या आया, सगळ्या एकीमागे एक बसतात. गप्पांना ऊत येतो. तू असतीस तर, असं दर शनिवारी वाटतं.

तेव्हाही अशाच उवा झाल्या होत्या; तू चौथीत होतीस, माझ्याच वर्गात. सगळ्या पोरींचे केस कापा म्हणून मी हटून बसले होते. कापूस वेचायला जाणाऱ्या शेवंताबाईने हात जोडले, “मॅडम, केस नका कापा. मी बठ्ठ्या उवा काढी दिसू.” सगळ्या उवा काढून देईन म्हणत होती, पण मी ऐकते होय! सगळ्या आयांची तोंडं बंद करायला तुला वर्गासमोर स्टुलावर बसवलं आणि कमरेपर्यंतची वेणी कानाशी कापली. वर, उवा हिच्यामुळे आल्या म्हणून शेवंताबाईच्या पुनमला दाराजवळ वेगळी बसवली. तुझी जिवाभावाची पुनम. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही.

तू रडली नाहीस. पण त्या दिवसापासून मला केसांना हात लावू दिला नाहीस, तेल लावायलासुद्धा. पोरी मोठ्या झाल्या की असंच असतं, असं मी लोकांना सांगते. आता दोन दिवाळ्या झाल्या, तू आली नाहीस. तुला डोळे भरून बघावंसं वाटतं गं.

काल पुनम ओट्यावर आली होती. तिची मुलगी दुसरीत आहे. मुलीचं डोकं माझ्या मांडीवर, पुनम शेजारी. तिने आधी तुझीच चौकशी केली. मग मला राहवेना. अठरा वर्षांत तुला सांगितलं नाही, ते तिला सांगून टाकलं.

तुझी वेणी कापायच्या आधी आठवडाभर माझंच डोकं खाजत होतं. त्या सकाळी माझ्या फणीत तीन उवा निघाल्या. तू रोज माझ्या कुशीत झोपायचीस. तुला त्या कुठून आल्या, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी फणी धुतली, अंबाडा बांधला आणि शाळेत गेले. बाईच्याच डोक्यात उवा, हे गावाला कळलं असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं मला. म्हणून तुझे केस कापले आणि नाव पुनमचं घेतलं.

पुनम म्हणाली, “माले काय सांगतस, मॅडम? प्राचीले सांगा. तिले आजबी वाटस, उवा मन्या व्हत्यात.” आणि तिने मुलीचं डोकं माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

तर प्राची, उवा पुनमच्या नव्हत्या. माझ्या होत्या.

आलीस तर आधी तिच्याकडे जा. तिचं घर शाळेमागेच आहे. माझ्याकडे यायचं की नाही, ते तिच्याजवळ बसून ठरव. वाट बघते असं लिहायचा हक्क मला उरलाय का, ठाऊक नाही. पण बघते.

तुझी अपराधी,
आई