मॉसीच्या काठीला गुंडाळलेली पट्टी

मी, हॉनोरा फेनेली, गावाच्या तोंडी नोनी, वय पंचाहत्तर, अविवाहित, धंदा हर्लिंग या आमच्याकडच्या काठी-चेंडूच्या मैदानी खेळाच्या काठ्या करणे आणि त्यांच्या मुठींना पट्टी गुंडाळणे, राहणार किलब्रॅनक, किलकेनी परगणा, आयर्लंड, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे आणि फुप्फुसे यांच्याबद्दल त्यांनी दाखला दिला नाही, मीही मागितला नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तेवढा वेळ माझ्यासाठी कोणाकडे नसतो. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. आता दमले आहे, तेव्हा हे शेवटचेच.

एक. राहते घर, आतील सामानासह, माझा दिवंगत भाऊ लॅरी याची मुलगी ग्रॉन्या हिला द्यावे. स्वयंपाकघराचे दार पावसाळी हवेत अडकते, ते खांद्याने ढकलावे, लाथेने नाही. तिला घर विकायचे असेल तर खुशाल विकावे. नाक मुरडायला मी तिथे नसेन.

दोन. पोस्टात जे काही असेल त्यातून माझी उत्तरक्रिया उरकून बाकीचे ग्रॉन्याकडेच जावे. क्लबची मुले जर्सी घालून, काठ्या उभ्या धरून, शवपेटीच्या दोन्ही बाजूंना रांगेने उभी राहतात, ते माझ्यासाठी करू नये. त्यातल्या निम्म्या काठ्यांच्या पट्ट्या मी गुंडाळलेल्या आहेत हे खरे, पण क्लबच्या वार्षिक जेवणाला चाळीस वर्षे मला मुदपाकखान्याच्या दाराशी बसवले जाते, आणि वाढपी माझ्या डोक्यावरून ताटे नेतात. मानवंदना द्यायची तर ती खुर्ची हलवून देता आली असती. सँडविचेस मात्र ताजी असावीत. लॅरीच्या वेळी त्यांच्या कडा वळल्या होत्या आणि लोक अजून ते काढतात.

तीन. जेर डेलाहंटीने माझी शिडी नेली त्याला एकोणीस वर्षे झाली. ती त्याच्याकडेच राहू द्यावी. फक्त ती माझी आहे हे त्याला चर्चबाहेर चारचौघांत सांगावे.

चार. कारखान्यातील रंगीत पट्ट्यांची सर्व रिळे क्लबच्या मुलींच्या संघाला द्यावीत. मुलांच्या संघाला एकही देऊ नये, ते मागतात आणि फुकट घालवतात. मुलींसाठी सूचना अशी. जुन्या पट्टीवर नवी चढवू नये, मूठ जाड होते आणि आतले लाकूड कुजते. जुनी सोलून काढावी, लाकूड कोरडे पुसावे. वरच्या टोकाला बारीक खिळ्याने सुरुवात पक्की करून पट्टी ताणून धरावी, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवावा. काठी धरताना ज्या मुलीचा डावा हात वर असतो तिची पट्टी उलट्या दिशेने गुंडाळावी. नाहीतर फटका मारताना मुठीला पीळ बसतो आणि वेढे एकेक करून उघडतात. कोरड्या हातात हे कळत नाही. पावसात कळते.

पाच. हे कलम माझ्या वकीलबाई ऑर्ला टायनन यांना नको होते. त्या म्हणाल्या, "नोनी, हे मृत्युपत्रात कशाला? वेगळं पत्र लिहून ठेवा की."

मी म्हटले, "पत्र कोणीतरी चुलीत घालेल. मृत्युपत्र कोर्टात जातं आणि मग कोणालाही मागवून वाचता येतं. मला कोणीही वाचावं असंच हवंय."

तर, १९७३ साली आमचे गाव परगण्याच्या अंतिम सामन्यात पोचले. सामन्याच्या तीन दिवस आधी लॅरीला संघातून वगळले आणि त्याच्या जागी मॉसी हेनेबरीला घेतले. लॅरीच्या वाटचे मीच फुगून बसले. सामन्याच्या दिवशी, रविवारी सकाळी, प्रार्थना संपल्यावर मॉसी वडिलांच्या कारखान्यात आला. त्याची जुनी काठी तडकली होती आणि नवीला पट्टी नव्हती.

"नोने, एवढी पट्टी मारून दे ना. नुसत्या लाकडावर हात घसरतोय."

"बस तिथे. चहा घे."

तो लाकडाच्या सालींच्या पोत्यावर बसला, दोन कप चहा प्यायला आणि आईच्या कोंबड्यांबद्दल बोलत राहिला, कारण सामन्याबद्दल बोलायची त्याला भीती वाटत होती. मी हाताच्या सवयीने पट्टी गुंडाळायला घेतली. तिसऱ्या वेढ्याला लक्षात आले की दिशा चुकली. मॉसीचा डावा हात वर असतो. मला ते पक्के माहीत होते, त्याच्या प्रत्येक काठीला पट्टी मीच लावलेली होती. तीन वेढे उलगडायला अर्धे मिनिट पुरले असते. मला लॅरीचा चेहरा आठवला आणि मी पुढचे अकरा वेढे तसेच घातले. गाव हरावे असे माझ्या मनात नव्हते. मॉसीचा एखाददुसरा फटका हुकावा, लोकांनी म्हणावे की लॅरी असता तर बरे झाले असते, एवढीच इच्छा होती. तेवढी मात्र होती.

सामन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात पाऊस आला. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो आणि आम्हाला जवळून मोकळा फटका मिळाला, म्हणजे बरोबरीची संधी. असले फटके मॉसी डोळे मिटून मारायचा. त्याने चेंडू उचलला, काठी फिरवली, आणि त्याच्या वरच्या हाताखाली पट्टी सरकली. मी कठड्यापाशी होते, मला दिसले. बाकी सगळे चेंडूकडे बघत होते. चेंडू गोलाच्या खांबाबाहेरून, वाइड गेला आणि आम्ही हरलो. मॉसी काठी चिखलात टाकून निघून गेला. ती मी उचलून घरी आणली, पट्टी सोलून काढली आणि नवी पट्टी बरोबर दिशेने गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी तो काठी बघायला आला. त्याने मूठ ओली केली, दोन्ही हातांनी पिळून पाहिली. पट्टी जागची हलली नाही.

"म्हणजे चुकला तो माझाच हात," तो म्हणाला.

मी म्हटले, "चहा घेतोस?"

काठी तिथेच ठेवून तो गेला. त्या आठवड्यात गावात बोलणे सुरू झाले की मॉसी सामन्याच्या सकाळी दारू पिऊन आला होता. त्या सकाळी तो माझ्या पोत्यावर बसून चहा पीत होता हे जगात फक्त मला ठाऊक होते. मी तोंडात गुळणी धरून बसले. त्याला वाइड मॉसी हे नाव पडले. पुन्हा तो खेळला नाही. त्याचे दोन्ही मुलगे शेजारच्या गावाकडून खेळले, कारण इथे त्यांना वाइडची पोरे म्हणत. आमचे गाव त्यानंतर अंतिम सामन्यात कधी पोचले नाही, आणि जितकी वर्षे गेली तितका तो फटका मोठा होत गेला. लॅरी मरेपर्यंत म्हणत असे, "मी असतो तर मारला असता." ते वाक्य ऐकून ऐकून मी थकले. खरे सांगायचे तर मला थकवा आहे तो सगळा याचाच आहे, फुप्फुसांचा नाही.

सहा. सबब कारखाना, बाक, वडिलांची सर्व हत्यारे आणि मागील दोन एकर जमीन, तिच्यावर काठ्यांच्या लाकडासाठी लावलेल्या अकरा ऍशच्या झाडांसह (त्यातली नऊ रोगाने मेली आहेत, रस्त्यावर पडण्याआधी तोडावीत), मॉरिस ऊर्फ मॉसी हेनेबरी याला द्यावी. ती काठीही त्यालाच. ही भरपाई नव्हे. याची भरपाई कशाने होणार?

सात. हे कलम मी आज, सहीच्या दिवशी, स्वयंपाकघरात बसून हाताने लिहीत आहे. ऑर्लाबाई सकाळी टाइप केलेला कागद घेऊन आल्या. मी पेन उघडले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मॉसी तुमच्याहून एकाच वर्षाने लहान आहेत ना? ते आधी गेले तर?"

बावन्न वर्षांत हा विचार मला शिवला नव्हता. मी मेल्यावर तो वाचेल, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही, इतकाच हिशोब मी करून ठेवला होता. मला माझीच किळस आली. मी मॉसीला फोन केला. तो मैलभरावर राहतो, वीस मिनिटांत आला. मी पाचवे कलम त्याच्यापुढे ठेवले. त्याने चष्मा लावून ते दोनदा वाचले.

"चूक झाल्याचं तुला कितव्या वेढ्याला कळलं म्हणालीस?"

"तिसऱ्या."

"आणि एकूण चौदा."

"चौदा."

"रोज सकाळी दाढी करताना मी या हाताकडे बघत आलोय, नोने." त्याने डावा हात टेबलावर ठेवला. "बायकोलासुद्धा म्हणायचो, महत्त्वाचं काही असेल तर माझ्या हातात देऊ नकोस. लेकीच्या बारशाला मी तिला उचललं नाही."

मी रडले. त्याने मला रडू दिले, थांब म्हणाला नाही. मग म्हणाला, "काठी कुठाय?"

मी आणून दिली.

"ही पट्टी काढ. त्या दिवशी गुंडाळली होतीस तशी गुंडाळ. कापडीच घे, ती रंगीत नको."

कापडी पट्टीचे एक रीळ होते. माझी बोटे आता वळत नाहीत, आणि खिळा दोनदा खाली पडला. ऑर्लाबाई मदतीला उठल्या तर मॉसी म्हणाला, "तुम्ही बसा. ती करेल." मी गुंडाळत गेले आणि तो मोठ्याने वेढे मोजत गेला. तिसऱ्याला तो थांबला. त्याने माझ्याकडे बघितले. मग म्हणाला, "चल पुढे." चौदा झाल्यावर त्याने मूठ नळाखाली भिजवली आणि काठी घेऊन अंगणात गेला. चेंडू नव्हता. त्याने डावा हात वर घेऊन रिकामाच फटका मारला. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारला तेव्हा पट्टी सरकली, आणि खिडकीतून मला त्याची मूठ घसरलेली दिसली. आत आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता आणि बाहेर पाऊस नव्हता.

"बाई, पेन द्या," तो ऑर्लाबाईंना म्हणाला. "साक्षीदार म्हणून मी सही करणार."

"तुम्हाला नाही करता येणार, मॉसी. सहाव्या कलमात तुमचं नाव आहे. ज्याला मिळायचंय त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर कायद्याने त्याला काही मिळत नाही."

"नको मिळू दे. दूधगाडी हाकलेल्या माणसाने कारखाना घेऊन काय करायचं? मला त्या पाचव्या कलमाखाली माझं नाव हवंय."

"साक्षीदार फक्त सही होताना बघतो. मजकूर त्याने वाचलेला असावा असं नाही."

"मी वाचलाय. तसं लिहा."

म्हणून सहावे कलम मी रद्द करते. कारखाना, हत्यारे व जमीन ग्रॉन्याला द्यावी, झाडे तिनेच तोडून घ्यावीत. काठी मॉसी आजच घेऊन जात आहे, पट्टी आहे तशी ठेवून. ती तो कोणाकोणाला दाखवणार आहे हे मी विचारले नाही. विचारायचा मला हक्क नाही.

"मॉसी," मी शेवटी म्हटले, "मला तू माफ—"

"ते त्यात लिहू नकोस, नोने. मी तसं काही म्हटलेलं नाही."

त्याने तसे काही म्हटलेले नाही. हे मी त्याच्यासमोर लिहिले आहे आणि त्याने बघितले आहे.

येणेप्रमाणे सात कलमांचे हे मृत्युपत्र मी खालील दोघांच्या देखत सही करून पुरे केले, आणि त्या दोघांनी माझ्या व एकमेकांच्या देखत आपापल्या सह्या केल्या.

स्थळ: किलब्रॅनक, किलकेनी परगणा
तारीख: १३ नोव्हेंबर २०२५

(सही) हॉनोरा फेनेली

साक्षीदार:

(सही) ऑर्ला टायनन, वकील

(सही) मॉरिस हेनेबरी, निवृत्त दूधगाडीचालक, पाचवे कलम दोनदा वाचून, डाव्या हाताने