सहा खांबांचा मंडप

३ मार्च
लेकीकडून हिचा फोन. म्हणते, "बाहेर बसायला सावली करा, मग येते. घरात जीव गुदमरतो." गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. लेकीकडे व्हरांडा आहे. हिला तिथलीच गोडी लागली तर? बीपी वाढलं असणार. मोजलं नाही, मोजलं की आणखी वाढतं.
निश्चय: बागेत सहा खांबी लाकडी मंडप. डिझाइन कॉम्प्युटरवर, सांधे जुन्या पद्धतीचे. खिळा एकही नाही.

७ मार्च
सूनबाईने लॅपटॉपवर प्रोग्राम घालून दिला. माझं शिक्षण सातवी, पण डोकं मूळचं इंजिनिअरचं. एक आकडा बदलला की अख्खा मंडप आपोआप बदलतो. जेवणापर्यंत एकशे चौदा मंडप झाले. मेव्हणा चाळीस वर्षं सुतारकाम करतोय. त्याचे इतके झाले का?

१० मार्च
मेव्हण्याला दाखवलं. म्हणाला, "चित्र झकास, दाजी. पण आधी काय बसवायचं आणि मग काय?" कॉम्प्युटरमध्ये आधी-मग नसतं, असं सांगितलं. बटण दाबलं. तुळई खांबातून आरपार गेली आणि जागेवर बसली. तो बघतच राहिला. म्हणाला, "हे लाकूड कुठे मिळतं?"
जळतो.

२४ मार्च
मेव्हण्याने तुळया तयार केल्या. दोन्ही टोकांना जिभा, त्या बसायला खांबांना खाचा. काम नीट आहे, कबूल. त्याचा हट्ट, आधी सगळं जमिनीवर जोडू, मग उभं करू. मी खांब आधी सिमेंटमध्ये पक्के करायला लावले. वारा सुटला तर? कुणीतरी पुढचा विचार करायला हवा.

३० मार्च
खांबांमधलं अंतर सहा फूट. तुळई जिभांसकट सहा फूट चार इंच. जिभा खाचांत शिरायला खांब बाजूला सरकायला हवेत, पण ते तसूभर हलत नाहीत, इतकं पक्कं काम मी करवून घेतलंय.
मेव्हणा म्हणाला, "दाजी, बटण दाबा."
जिभा कापून खिळे मारतो म्हणाला. साफ नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. ही परवा येणार. आठवडाभर थांब म्हणू का? नको. कायमची थांबायचीच.

१ एप्रिल, दुपारी चार
ही सकाळी आली. काठी टेकत बागेत गेली. नुसत्या सहा खांबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. 
मेव्हण्याने चार खांबांना पलंगावरची चादर बांधली, खाली विटांवर एक तुळई आडवी टाकली. भाऊ-बहीण तिच्यावर बसून चहा प्यायले. ही म्हणाली, "झाली की सावली. राहते मी. ऊन फिरलं की चादर पलीकडच्या खांबांना बांधायची, तेवढं काम तुमचं."
तीनदा बांधून झाली. आता चौथी हाक आली आहे.