‘येते’ला इंग्रजीत काय म्हणतात

१४ जानेवारी

समोरच्या घरातली सत्यशीला आज पुस्तक घेऊन आली. घरबसल्या इंग्रजी बोला — असलं काहीतरी, जालन्याच्या बसस्टँडवर घेतलेलं. पहिलंच वाक्य: ‘माय अंकल इज अ रिच मॅन.’ कोणाचा अंकल? हिला काकाच नाही, श्रीमंत तर लांबच! मी पुस्तक मिटून तिच्या पिशवीत टाकलं.

गेल्या वर्षी ती अंगणवाडीतून निवृत्त झाली. मुलगा संघपाल आयर्लंडला. त्याची बायको केरळची, नर्स आहे. नवराबायकोला समजणारी भाषा एकच, इंग्रजी. त्यामुळे पाच वर्षांच्या प्रीतीलाही तेवढीच येते. आठ मार्चला सत्यशीला त्यांच्याकडे निघणार, तीन महिन्यांसाठी. परवा फोनवर प्रीतीने बापाला विचारलं म्हणे, आजीला बोलता येत नाही का?

हे तिने हसत सांगितलं. मग बराच वेळ चष्मा पुसत बसली.

‘वंदनाताई, मला लई इंग्लिश नको. आजी मुकी न्हाई, एवढं पोरीला कळलं तरी बस.’

उद्यापासून रोज चारला ये, म्हटलं. सव्वाचार चालणार नाहीत.

१७ जानेवारी

तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली मी. रोज बदनापूरहून जालन्याला पॅसेंजरने. ‘होल्ड द लाइन, प्लीज’ म्हणत अख्ख्या जिल्ह्याची सुखदुःखं जोडून दिली. आणि ही बाई ‘हाऊ आर यू’ म्हणायला तयार नाही! आधी ‘जेवलीस का’ शिकवा म्हणते. मी सांगितलं, तिकडे असं विचारत नाहीत. तिकडे हवेबद्दल बोलतात.

‘हवा तर दिसूनच राह्यली, ताई. पोट दिसतं का?’

शिकवलं. ‘हॅव यू ईटन?’ दहा वेळा म्हणवून घेतलं. ‘ईटन’चं ‘इट्टन’ करते. जाऊ दे म्हणणार होते. पण नाही — उद्या पुन्हा दहा वेळा.

२५ जानेवारी

‘आर यू कोल्ड?’ ‘सिट हिअर.’ ‘शो मी.’ ‘डोन्ट क्राय’ तिने स्वतःहून मागून घेतलं. ‘ग्रँडमदर’ मात्र परत केलं. आजीला आजीच म्हणू द्या, म्हणाली. यावर मी वाद घातला नाही. मलाही तो शब्द कधी आवडला नव्हता.

२ फेब्रुवारी

आज भांडण.

निरोप शिकवत होते. ‘आय ॲम गोइंग.’ तीन शब्द! रोज धडा संपला की हेच म्हणून घरी जायचं, असा नियम केला. बाई चपला घालते आणि म्हणते, ‘आय ॲम कमिंग.’

चूक, म्हटलं. तू येत नाहीयेस. चालली आहेस.

‘घरातून निघताना “जाते” कसं म्हनू? “येते” म्हनायचं असतं.’

मराठीत! इंग्रजीत जाणारा माणूस जातो म्हणूनच सांगतो. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी शब्द तोंडून निघाला की सिस्टर तासभर बाकावर उभं करायच्या. मी घरीसुद्धा आईला ‘आय ॲम गोइंग’ म्हणून शाळेत जायचे, हे तिला अभिमानाने सांगितलं.

ती पायऱ्या उतरता उतरता थांबली. ‘मंग तुमच्या आईनं वाट कोनाची पाह्यची?’

मी दार जरा जोरातच लावलं.

३ फेब्रुवारी

‘आय ॲम कमिंग.’ पुन्हा! हट्टी बाई.

१६ फेब्रुवारी

आज माझ्यासमोर तिने व्हिडिओ कॉल लावला. मी मुद्दाम बाजूला बसले, पडद्यावर दिसू नये म्हणून. ‘हॅव यू ईटन?’ — स्वच्छ! प्रीती थबकली. मग तिने एका दमात काय काय खाल्लं ते सांगितलं. सत्यशीलाला त्यातलं अर्धं कळलं नसेल, पण मान बरोबर डोलवत होती. माझा ऊर भरून आला. हे मी कोणाला सांगणार नाही.

शेवटी हात हलवून सत्यशीला म्हणाली, ‘आय ॲम कमिंग.’ आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांनी संघपालचा फोन. पोरगी बूट घालून दारात बसली आहे. आजी येतेय म्हणते. दार लावू देत नाही, घरभर गारठा झालाय.

सत्यशीला घाबरली. मी म्हणाले, बघ, म्हणून सांगत होते! पण आवाज चढला नाही माझा.

१७ फेब्रुवारी

कालपासून ते दार डोळ्यांसमोर आहे.

सहा वर्षं झाली. हे गेल्यावर भावना म्हणाली, घर विकू आणि तू माझ्याकडे नाशिकला चल. मी नाही म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. नवऱ्याच्या तालावर नाचतेस, घरावर डोळा आहे — पोटच्या पोरीला बोलले मी हे. तिने बॅग उचलली. ‘आय ॲम गोइंग, मम्मी.’ मीच लहानपणी घोकून घेतलेलं इंग्रजी, एक चूक नाही.

‘येते म्हण’, एवढंच सांगायचं होतं.

‘गो’, म्हणाले.

नाशिक इथून पाच तासांवर. दिवाळीला तिचा मेसेज येतो. मी अंगठा पाठवते.

८ मार्च

सत्यशीलाला स्टेशनवर सोडलं. तिचा भाऊ रामकिसन मुंबईपर्यंत सोबत आहे. डब्यात चढून ती दारात उभी राहिली आणि माझ्याकडे बघत सावकाश म्हणाली, ‘आय ॲम गोइंग, ताई.’ घरी घोकून आली होती. ‘बराबर हाय ना आता?’

चूक, म्हणाले मी.

‘चूक कशी? तुमीच तर महिनाभर —’

परत म्हण. जसं म्हणायचीस तसं.

गाडी हलली तरी बघतच राहिली. मग कळलं तिला. ‘आय ॲम कमिंग, ताई.’

‘ये’, म्हटलं. रुमाल घरीच राहिला होता. पदर वापरावा लागला.

११ मार्च

चार वाजले की उगीच दाराकडे लक्ष जातं.

तिचा फोन आला. विमानतळावर प्रीतीला पहिलं वाक्य तेच विचारलं — ‘हॅव यू ईटन?’ पोरगी ‘नो’ म्हणाली. तेव्हापासून भरवूनच राह्यले, म्हणते.

बोलणं संपल्यावर फोन खाली ठेवला नाही. तसाच हातात धरून भावनाला तीन शब्द लिहिले — आय ॲम कमिंग. दोनदा तपासले. व्याकरणात खोट नाही. पाठवले आणि फोन पालथा घातला.

१२ मार्च

भावनाचं उत्तर. एकच शब्द, मराठीत — ‘कधी?’