मी काही करत नाही

प्रिय ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकायला सध्या भरपूर सवड आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, की अजून काम सांगितलं की येतो? इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी खुशाल; आमच्या ह्यांचं पुढे सांगते.

गेल्या आठवड्यात गावाची शिरगणती झाली. शाळेचे मास्तर पिशवीत कागद घेऊन घरोघर हिंडत होते. आमच्याकडे आले तेव्हा मी गोठ्यात होते, म्हणून उत्तरं द्यायला हे बसले. स्वतःपुढे ऐटीत 'शेती' लिहवलं. माझं विचारल्यावर म्हणाले, "ती काही करत नाही, घरीच असते." मी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन समोरूनच चालले होते गं! मास्तरांनीही मान डोलवून तसंच लिहिलं. मागाहून कळलं, घरोघर हेच झालं. सरकारी हिशेबाने आमचं निम्मं गाव रिकामं बसलंय, पण हे गाऱ्हाणं ऐकायला मला दिवसभरात एक रिकामी बाई मिळाली असेल तर शपथ.

राग तर आलाच, पण वाईटही फार वाटलं. इतक्या वर्षांत ह्या माणसाला निदान माझी चूल तरी दिसायला हवी होती. मग म्हटलं, सरकारी कागदाचा मान राखलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी अंगणात खाट टाकली आणि बसले. ह्यांनी चहा मागितला. मी काही करत नाही, असं सांगितलं. हे हसले. संध्याकाळपर्यंत हसू आटलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत कांद्यातलं तण तसंच राहिलं, चुलीवरचं करपलं, कोंबड्या कोणी कोंडल्या नाहीत म्हणून त्या ह्यांच्याच अंथरुणावर चढून बसल्या, आणि तांबडी गाय ह्यांना थेंबभर दूध देईना. "तिला माझ्या हाताची सवय नाही," हे पडेल आवाजात म्हणाले. तेव्हा कोणीतरी सुचवलं (मीच, खाटेवरून) की माझी शाल डोक्यावरून घेऊन बसा, गाय फसेल. बसले बिचारे! मिशा झाकून, माझ्यासारखं गुणगुणत.

नेमके तेव्हाच मास्तर राहिलेली सही घ्यायला आले. गोठ्यातली शाल बघून लांबूनच अदबीने म्हणाले, "बाई, एक विचारायचं राहिलं. घरात काम करणारी माणसं किती?" शालीतून घोगरा आवाज आला, "एकच, मास्तर. आणि ती त्या खाटेवर बसलीय!" मास्तरांच्या हातून पिशवीच गळाली. मग ह्यांनी शाल काढली आणि माझ्याकडे न बघता माझी कामं एकेक करून सांगितली. कागदावर जागा पुरेना. मला हसू आवरेना, आणि खरं सांगते, डोळेही आवरेनात. मी उठले आणि तिघांचा चहा ठेवला.

तुझी,
सरकारमान्य कामकरी धाकटी

ता. क. तांबडीचा काही दोष नाही. पहाटे हे घोरत असताना मीच तिला पिळून घेत होते. (मुक्या जनावराची कास तटलेली कशी ठेवायची?) त्याचंच लोणी सोबतच्या डब्यात आहे. ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

आणखी एक. हेच मास्तर सोमवारपासून तुमच्या गावात आहेत. दार भाऊजींनाच उघडू दे, तू मुद्दाम गोठ्यात राहा. डब्याखाली शाल घडी करून ठेवलीय. भाऊजींना पुरते का, तेवढं कळव.