रोजच्यासारखं झोपा

सोमवार, ३ मार्च

दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं, म्हणे! 

सकाळी खाली आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात मी कागदांचे फर्मे शिवत होते — शाळेची हजेरीबुकं, ऐंशी. हे कटिंग मशीनपाशी उभे राहून शाळेच्या कारकुनाला पुठ्ठ्याचा रंग समजावत होते. ‘हिरवा’ म्हणायला गेले आणि तोंडातून काहीतरी घट्ट, खळीसारखं आलं. उजव्या हातातला पुठ्ठा गळून पडला. हे त्या हाताकडे बघत राहिले — जणू दुसऱ्या कुणाचा! मी पाणी आणायला धावले, तर कारकून म्हणाला, "पाणी नको, वहिनी. आधी गाडी." देव त्याचं भलं करो.

दवाखान्यात पोचेस्तोवर, दहा मिनिटांत, सगळं जिथल्या तिथे. हात, बोलणं, आणि फाजीलपणाही. नर्सने विचारलं, "काय झालं होतं, काका?" हे म्हणाले, "काही नाही हो, हिरवा रंग तोंडाला पचला नाही."

मेंदूचा फोटो स्वच्छ आहे. रक्तदाब मात्र चढलेला. डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या असतील. म्हणाल्या, "काका, ही अर्धांगवायूची नुसती चिठ्ठी होती. पुढच्या वेळी पाहुणा स्वतः येतो."

रात्रीपुरतं ठेवून घेतलंय. मला घरी पाठवलं. पलंग केवढा मोठा आहे हा!

मंगळवार, ४ मार्च

ह्यांना घरी आणलं. दोन गोळ्या, मीठ बेताचं.

निघता निघता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घोरतात का?" हे म्हणाले, "छे!" मी म्हणाले, "शेजारचे चष्मेवाले भिंत ठोकतात!" त्या हसल्या नाहीत. "आणि घोरता घोरता मधेच थांबतात?"

थांबतात. सगळं गप्प होतं, आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसा एक मोठा आचका. सांगितलं तसं.

त्यांनी पेन खाली ठेवून नीट समजावलं. श्वास थांबला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, शरीर दचकतं, रक्तदाब उसळतो. असं रात्रभर, पुन्हा पुन्हा. अशा माणसांना अर्धांगवायूचा धोका जास्त. "दिवसा आपण गोळीने दाब उतरवायचा आणि रात्री झोपेने तो चढवायचा, काय उपयोग, काकू?" तेव्हा झोपेची तपासणी करायची, घरच्या घरी. श्वास फार अडत असेल तर नाकावर मुखवटा आणि हवेचं यंत्र, रोज रात्री.

जिन्यात हे म्हणाले, "सोंड लावून मी झोपणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

गुरुवार, ६ मार्च

झोपेच्या तपासणीचा पेटीवाला येऊन गेला. छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा, आणि हे सगळं एका इवल्याशा पेटीला जोडलेलं. हे म्हणाले, "पार्सल करताय का मला? पत्ता तरी नीट लिहा!" पेटीवाला बिचारा गोंधळला. काय काय पाळायचं ते मी विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, काकू. काहीच बदलू नका. रोजच्यासारखं झोपा."

शुक्रवार, ७ मार्च

झोप छान लागली. दोघांनाही! पेटी गेली.

सोमवार, १० मार्च

पास!! श्वासाचे अडथळे किरकोळ. मुखवट्याची गरज नाही. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी होती — "मला वेगळं वाटलं होतं" — आता हृदयाच्या तपासण्या करू म्हणाल्या. पण हे ऐकतायत कुठे! चष्मेवाल्यांना सांगून झालं, कारकुनाला सांगून झालं. दुपारी कागदाच्या रिमांवर डोकं टेकून तासभर झोपले, पास झालेल्या मुलासारखे.

मीही हलकी झाले. लेकीला लगेच फोन लावून सांगितलं.

बुधवार, १२ मार्च

काय करून बसले मी!

हे बनियन बदलत होते. डाव्या बरगडीवर निळसर डाग. "कपाटाचा कोपरा लागला असेल," म्हणाले. कपाट उजवीकडे आहे. डावीकडे मी असते.

माझं कोपर! ह्यांचा श्वास थांबला की मी कोपर मारते. हे हुं करतात, कूस बदलतात, श्वास चालू होतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हे पहिल्यांदा असे थांबले तेव्हा मी रडले होते. मग एक-दोनदा ढोसलं, मग सवय झाली. आता मला जागही येत नाही. बत्तीस वर्षं झोपेतच चाललंय.

आणि पेटीच्या रात्रीही — रोजच्यासारखंच.

कॉन्व्हेंटात आमच्या निजायच्या खोलीत एक सिस्टर रात्री कापडी बुटांनी फिरायची. कुणाचं नाक वाजलं की अलगद कुशीवर वळवायची आणि पुढे जायची. आम्ही म्हणायचो, ही कान उघडे ठेवून झोपते. किती जीव होता माझा तिच्यावर! पण त्याच सिस्टरने मला तासभर बाकावर उभं केलं होतं, तोंडी परीक्षेत शेजारणीला उत्तर कुजबुजले म्हणून. "तिला येतं की नाही, हे आता मला कसं कळणार?" एवढंच म्हणाली होती.

गुरुवारच्या रात्री मी ह्यांना उत्तरं पुरवली. पेटीला काय कळणार?

गुरुवार, १३ मार्च

सांगितलं नाही. हे शीळ घालत होते.

शुक्रवार, १४ मार्च

आजही नाही. दुपारी हे कटिंग मशीनपाशी उभ्या उभ्या पेंगले. पातं वर होतं, हात खाली. मी ओरडले. हे म्हणाले, "केवढ्याने ओरडतेस, विचार करत होतो!" विचार करणाऱ्याची मान अशी पडत नाही.

शनिवार, १५ मार्च

सांगितलं. चहाचा कप हातात असतानाच सांगून टाकलं.

आधी हसले. "म्हणजे बत्तीस वर्षं नवऱ्याला मारतेस, आणि चेहरा बघा, गरीब गाय!" मग मी म्हणाले, तपासणी पुन्हा करायची. कप आपटला. "पास झालो तो झालो. पास झालेल्या पोराला पुन्हा परीक्षेला बसवतात का?"

कॉपी करून पास झालेल्याला बसवतात, मी म्हणाले.

 खळ ढवळायची काठी मला हातात दिली नाही, टेबलावर ठेवली.

सोमवार, १७ मार्च

एकटीच दवाखान्यात जाऊन आले. वाटलं, डॉक्टरीणबाई रागावतील. त्या बघतच राहिल्या. "काकू, रात्रभर?" काय सांगू, मी झोपलेली असते! पुन्हा पेटी, आणि मी दुसऱ्या खोलीत.

घरी येऊन ह्यांना म्हणाले, "एकच विचारते. मी आधी गेले तर कोपर कोण मारणार?"

हातातला पुठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाले, "पेटीवाल्याला बोलाव."

बुधवार, १९ मार्च

काल ह्यांना पेटी लावली आणि मी लेकीच्या खोलीत झोपले. झोपले कसली! मधे एक भिंत. तिकडे घोरणं, घोरणं — आणि थांबलं. मी लोखंडी पलंगाची कड घट्ट धरून ठेवली. जपमाळ घेतली, पण मणी कितवा ते कळेना. माझं कोपर आपोआप गादीत रुतत होतं. एकदा दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला. माझ्या मनात दोनच गोष्टी: आत गेले तर पुन्हा खोटा निकाल, आणि नाही गेले तर... तेवढ्यात आचका आला. परत फिरले.

सकाळी पहिला शब्द ‘हिरवा’ म्हणायला लावला. नीट म्हणाले. शिवाय एक शिवीही दिली.

शुक्रवार, २१ मार्च

निकाल आला. तासाला अडतीस वेळा श्वास अडतो. सर्वांत लांब थांबले ते बावन्न सेकंद.

घड्याळ समोर ठेवून श्वास धरून पाहिला. एकतिसाव्या सेकंदाला सोडला.

मंगळवार, २५ मार्च

यंत्र आलं. आरशात बघून हे म्हणाले, "विमान चालवायला निघालोय. तुला काही आणायचंय का वरून?" पहिल्या रात्री दोनदा काढून फेकलं. दोनदा परत लावलं, स्वतःच.

सोमवार, ३१ मार्च

घरात इतकी शांतता कधी नव्हती. चष्मेवाल्यांनी दार वाजवून विचारलं, "सगळं ठीक ना?"

दुपारची झोप बंद झाली. सकाळचा रक्तदाब उतरतोय. गोळी चालूच ठेवायचीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता दाब चढवणारा चोर पकडलाय, काका. पण राखण सोडायची नाही."

गुरुवार, ३ एप्रिल

जेवणाआधी अकरा हजेरीबुकं बांधून झाली! हे पहाटे उठतात, ताजेतवाने, गुणगुणत. मीच आळशी झालेय. उठल्यावर डोकं जड. टाके घालता घालता डुलकी येते, सुई बोटात. इतक्या वर्षांची झोप वसूल करतेय, दुसरं काय.

रविवार, ६ एप्रिल

जाग आली तर हे माझ्या उशाशी खुर्ची घेऊन बसलेले. हातात पेन्सिल आणि पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर उभ्या रेघा, ओळीच्या ओळी.

"चारपासून जागा आहे," म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "अगं, तू पण थांबतेस."